ॲक्सलचे सीव्ही जॉइंट आणि रबर बूट घरच्या खळ्यात बदलताना: कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर: आधी निदान

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, हाताचे गिअर, एबीएस नाही. उभी असते देवगड तालुक्यात, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. पुढे दिलेले टॉर्कचे आकडे याच गाडीच्या वर्कशॉप पुस्तकातले आहेत, तुमच्या गाडीचे तुमच्या पुस्तकातून घ्या. कामाचा क्रम मात्र पुढच्या चाकांना ओढ असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांना लागू पडेल. अशा गाडीत गिअरबॉक्सची ओढ चाकापर्यंत नेणारा दांडा म्हणजे ॲक्सल. चाक वळलं-हललं तरी फिरत राहावं म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट असतात: गिअरबॉक्सकडचा आतला, चाकाकडचा बाहेरचा. त्यांवरचं, ग्रीस कोंडून ठेवणारं घड्यांचं रबरी आवरण म्हणजे बूट.

तक्रार अशी: स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण कापून पहिल्या गिअरमध्ये गाडी गोल फिरवली की डाव्या पुढच्या चाकातून कटकट, चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाढणारी. सरळ रस्त्यावर काही नाही. हा बाहेरच्या जॉइंटचा आवाज. आतला जॉइंट गेला असता तर तिसऱ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबताना गाडीचं नाक थरथरलं असतं आणि पाय उचलताच थांबलं असतं. बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते, वळणावर वजन एका बाजूला गेलं की कमीजास्त होते. खड्ड्यात टक् वाजतं ते बहुधा सस्पेन्शनच्या लिंक रॉडचं किंवा बॉल जॉइंटचं. हे आवाज वेगळे ओळखता आल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. नाहीतर ॲक्सल बाहेर काढून परत बसवायचा आणि आवाज तिथल्या तिथे.

खाली पाहिलं तर डाव्या बाहेरच्या बूटाची एक घडी अर्ध्या वेढ्यापर्यंत फाटलेली. रिमच्या आतल्या बाजूला, लोअर आर्मवर आणि शॉकअपच्या पायाशी काळ्या ग्रीसचा पट्टा. बूटात उरलेलं ग्रीस बोटांत चोळलं तर करकरतं आणि रंग तांबूस. म्हणजे जांभ्याची माती आत गेली आहे. पावसाळ्यात रस्त्यावरून वाहणारं लाल पाणी गाळ घेऊन येतं. पाणी सुकून जातं, बारीक वाळू आणि माती ग्रीसमध्ये राहते आणि जॉइंट झिजवते. एकदा आवाज सुरू झाला की नवं ग्रीस भरून तो थोडे दिवस दबतो, जात नाही.

उजवीकडे आवाज नाही. त्या बूटांच्या घड्यांच्या तळाशी बारीक भेगा आहेत, ग्रीस अजून आतच. अशा भेगा पाहायच्या तर घडी बोटांनी ताणून उघडावी लागते, वरून बूट ठणठणीत दिसतो. ठरलं ते असं: डावीकडे बाहेरचा जॉइंट नवा आणि दोन्ही बूट नवे, उजवीकडे फक्त दोन बूट.

१२ नोव्हेंबर: सामान

बाहेरचा जॉइंट १,८५० रुपये. सोबत बूट, ग्रीसची पुडी, सर्क्लिप (खाचेत बसून भाग धरून ठेवणारी कडी), दोन पट्ट्या आणि नवा हब नट (ॲक्सलचं टोक चाकाच्या मध्यातल्या हबला आवळणारा) येतो. आतल्या बूटांची दोन किट ८४०, उजव्या बाहेरच्या बूटाचं किट ३८०, उजवीकडे वेगळा हब नट १२०, गिअरबॉक्सची दोन ऑइल सील ३६०. गिअर ऑइल ७५डब्ल्यू-९०, तीन लिटर, १,३५०. सर्क्लिप पक्कड ३५०, बूटाच्या पट्ट्या आवळायची पक्कड ६५०, ब्रेक क्लीनर दोन डबे ५००. टॉर्क पाना ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणला. सामान कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने मागवलं.

पूर्ण ॲक्सल जोडूनही मिळतो. आतला आणि बाहेरचा, दोन्ही जॉइंट गेले असतील तर तोच घ्यावा. सुट्या भागांची बेरीज त्याच्या जवळ जाते आणि वेळ बराच वाचतो. इथे आतला जॉइंट शाबूत असल्याची शक्यता दिसत होती, म्हणून सुटे भाग.

चीर दिलेला, ॲक्सल न काढता चिकटवायचा बूट दुकानात सुचवला जातो. घेऊ नका. जोडावर ग्रीसचा अंश राहिला की सोल्यूशन धरत नाही आणि गाडीखाली पडून जोड पूर्ण कोरडा ठेवता येत नाही. शिवाय बूटाच्या आत असलेला जॉइंट धुवायचा राहतोच.

१६ नोव्हेंबर: हब नट

हा नट गाडी चाकांवर उभी असतानाच सैल करायचा. हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना अडण्या, आणि आत बसून एकाने ब्रेक दाबून धरलेला. चाक हवेत असताना जोर लावला तर गाडी स्टँडवरून सरकते.

नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते. आधी ती बारीक पंचाने वर काढावी, तशीच फिरवली तर शाफ्टचे आटे सोलून निघतात. खाऱ्या हवेने नट आणि वॉशर एकजीव झालेले होते. गंज सोडवणारं तेल आदल्या संध्याकाळी मारून ठेवलं, सकाळी पुन्हा मारलं. गोटीचं (सॉकेटचं) माप व्हर्नियरने नट मोजून घेतलं होतं. सहा कोनांचीच गोटी हवी. बारा कोनांची गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करते.

अर्ध्या मीटरच्या दांड्याने नट हलला नाही. दांड्यावर एक मीटर लांब जीआय पाइप चढवला. टोकाशी ४० किलोचा जोर म्हणजे सुमारे ३९० न्यूटन मीटर. बसवण्याचा टॉर्क १७५ आहे, पण गंजलेला नट त्याच्या दुप्पट मागतो. झटके न देता सलग वजन टाकल्यावर सुटला. इथे फक्त सैल करून थांबायचं. नट पूर्ण काढून गाडीचं वजन चाकावर ठेवलं तर हबचं बेअरिंग खराब होतं, कारण ते शाफ्टनेच दाबून धरलेलं असतं.

१७ नोव्हेंबर: ॲक्सल बाहेर

जॅक आणि स्टँडबद्दल आमच्या भागासाठी एक गोष्ट ठळकपणे लिहून ठेवतो. खळ्यातली जमीन सारवलेली किंवा मुरमाची असते आणि जवळ जांभ्याचे चिरे पडलेले असतात. गाडीखाली चिरा टेकू म्हणून कधीही लावू नका. भिंतीत पसरलेलं वजन चिरा पेलतो, पण टोकावर आलेल्या वजनाखाली तो आधी न कुरकुरता फुटतो. स्टँडखाली दीड-दोन इंच जाडीच्या, स्टँडच्या पायापेक्षा मोठ्या फळ्या घातल्या. तरी पाऊस नुकता गेल्यामुळे एक स्टँड कलू लागला. गाडी उतरवून ती जागा खडी घालून ठोकून घेतली. काढलेलं चाकही गाडीच्या चौकटीखाली आडवं सरकवून ठेवलं.

गिअर ऑइल काढलं. दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी गेलेलं नाही. ऑइल काढण्यापूर्वी भरायचा बोल्ट सैल होतो का हे पाहून घ्या. रिकामा गिअरबॉक्स आणि न सुटणारा वरचा बोल्ट अशी गाठ पडली तर गाडी जागची हलत नाही.

पुस्तकातली पद्धत अशी: लोअर आर्मच्या बॉल जॉइंटला नकलमध्ये (हब धरणाऱ्या लोखंडी भागात) पकडणारा पिंच बोल्ट काढायचा, आर्म पहारीने खाली दाबायचा आणि नकल बाहेर ओढायची. या बोल्टावर सकाळ गेली. तो बॉल जॉइंटच्या खाचेतून आडवा जातो, त्यामुळे नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर यावा लागतो. नट निघाला, बोल्ट नकलमध्ये गंजाने धरून राहिला. तेल मारून थोडा आवळून मग सैल करून पाहिला, ठोकून पाहिला. गॅसची ज्योत लावली तर बॉल जॉइंटचं रबर जळतं, म्हणून ती वाट बंद. डोकं तुटलं असतं तर ड्रिल करून काढण्यात आणखी दिवस गेला असता. म्हणून पद्धत बदलली.

शॉकअप नकलला दोन आडव्या बोल्टांनी जोडलेला आहे. ते जाड असतात आणि तुलनेने सहज सुटतात. काढण्यापूर्वी नकल आणि शॉकअपचा कान यांवर रंगाच्या रेघा मारल्या, कारण भोकांत मोकळीक असते आणि चाकाचा कॅम्बर (आत-बाहेरचा कल) त्यावर ठरतो. ब्रेकची रबरी नळी शॉकअपच्या कानातून सोडवली. दोन्ही बोल्ट काढताच नकल वरून बाहेर कलली आणि बॉल जॉइंटला हात न लावता जागा झाली. ब्रेक नळी ताणली जाऊ नये म्हणून नकल तारेने बांधून ठेवली. या किनाऱ्यावर दहा पावसाळे पाहिलेल्या गाडीला हीच वाट आधी धरावी असं आमचं मत झालं आहे. नंतर अलाइनमेंट करावी लागते, तेवढा खर्च सोसायचा.

शाफ्ट हबमधून काढताना नट उलटा करून आट्यांच्या टोकाबरोबर बसवला आणि लाकडाच्या ठोकळ्यावर हातोडा मारला. उघड्या आट्यांवर मारलेला एक घाव पूर्ण ॲक्सलच्या किमतीचा ठरतो.

गिअरबॉक्सच्या बाजूला पहार आतल्या जॉइंटचा कप आणि केसिंग यांच्यामध्ये घालून एक छोटा, तीक्ष्ण झटका. आतली सर्क्लिप त्यानेच सुटते, हळूहळू रेटून सुटत नाही. शाफ्टला धरून ओढायचं नाही. तसं केलं तर आतला तीन रोलरचा भाग कपातून निसटतो आणि बूट फाटतो. एका वेळी एकच बाजू काढावी. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही ॲक्सल एकदम काढले तर डिफरन्शियलमधले गिअर जागेवरून सरकतात.

त्याच संध्याकाळी: जॉइंट उघडले

वाइसच्या जबड्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून शाफ्ट उभा पकडला, बाहेरचा जॉइंट खाली. पट्ट्या कापल्या, बूट मागे सारला. पितळी दांडा जॉइंटच्या आतल्या कड्यावर टेकवून समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने ठोकलं आणि जॉइंट निघून आला. काही गाड्यांत इथे पक्कडीने उघडायची सर्क्लिप असते. काहींत बाहेरचा जॉइंट शाफ्टवरून निघतच नाही. तिथे आतला जॉइंट उतरवून दोन्ही बूट त्या टोकाने चढवायचे असतात. ठोकाठोक सुरू करण्याआधी आपली गाडी कोणत्या जातीची ते पुस्तकात पाहा.

जुना जॉइंट डिझेलने धुतला. आतलं कडं तिरकं करून सहाही छर्रे एकेक करून पाहिले. खोबणीत नखाला लागतील असे खड्डे आणि छर्रे धरणाऱ्या पिंजऱ्याच्या खिडकीची एक कड झिजलेली. हा बाद.

आतल्या जॉइंटचे तीन रोलर सुटून सुया सांडू नयेत म्हणून कपातून काढताच त्यांवर टेप गुंडाळली. काढण्यापूर्वी कप, रोलरचा तारा आणि शाफ्ट या तिघांवर एका रेषेत रंगाची खूण, म्हणजे झिजलेल्या जोड्या पुन्हा त्याच बसतात. खूण पंचाने करू नये. रोलर गुळगुळीत, कपाच्या खोबणीत फक्त चमक, खड्डा नाही. हा राहील.

२३ नोव्हेंबर: चुकीचा जॉइंट

मधला आठवडा सुट्या भागाने खाल्ला. पार्सलमधून आलेल्या जॉइंटचे हबकडचे दाते जुन्याशी तंतोतंत जुळले, लांबी जुळली, आटे जुळले. शाफ्टवर मात्र चढेना. आतले दाते मोजले तर एकाने कमी. एकाच नावाच्या गाडीच्या दोन मॉडेलांत असा फरक असतो आणि डब्यावर दोन्ही नावं छापलेली असू शकतात. परत पाठवून योग्य तो मागवला. दोन्ही बाजूंचं पार्सल भाडं मिळून २५०.

दुकानदाराला गाडीचं नाव आणि साल सांगून थांबू नका. बाहेरचे दाते, आतले दाते आणि सीलजवळच्या गोलाईचा व्यास ही तिन्ही मापं द्या. एबीएस असेल तर जॉइंटवरच्या दातेरी कड्याचे दातेही. मोजताना एका दातावर रंगाचा ठिपका ठेवून सुरुवात करावी, नाहीतर प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. याचाच अर्थ ॲक्सल उघडून मोजल्यावरच जॉइंट मागवणं सर्वांत बरं, आणि तेवढे दिवस गाडी उभी राहील हे धरून चालणं.

मधल्या काळात गाडी ढकलून माटवाखाली (मांडवाखाली) घ्यायची होती. बाद झालेल्या जॉइंटचा दांडा हबमध्ये घालून नट आवळला, शॉकअपचे बोल्ट तात्पुरते लावले, मगच चाक जमिनीवर टेकवलं. बेअरिंग त्याने दाबलेलं राहतं. गिअरबॉक्सच्या भोकात स्वच्छ फडकं कोंबून वर प्लास्टिक बांधलं.

२४ नोव्हेंबर: जोडणी

सगळे भाग डिझेलने, मग ब्रेक क्लीनरने धुऊन पूर्ण वाळवले. रबराला पेट्रोल लावायचं नाही, ते फुगतं.

शाफ्टच्या दात्यांवर इन्सुलेशन टेप गुंडाळून बूट चढवले. दात्यांच्या धारेने नव्या बूटाच्या ओठाला बारीक चीर पडते, ती बसवताना दिसत नाही आणि पहिल्या पावसात ग्रीस गळू लागतं. पट्ट्याही याच वेळी शाफ्टवर चढवून ठेवाव्यात.

ग्रीस हा या कामातला सर्वांत हलक्यात घेतला जाणारा भाग. बाहेरच्या जॉइंटला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं ग्रीस, आतल्याला किटमध्ये येणारं वेगळं. दोन्ही एकमेकांत मिसळू नका. बेअरिंगचं किंवा चासीचं पिवळं ग्रीस बाहेरच्या जॉइंटमध्ये भरलेलं या भागात सर्रास दिसतं आणि तो जॉइंट लवकर वाजू लागतो. पुडी ९० ग्रॅमची होती. साधारण दोन तृतीयांश छर्ऱ्यांच्या मधून जॉइंटच्या तळापर्यंत दाबून भरलं, बाकी बूटात. पुडीपेक्षा जास्त भरलं तर बूट फुगतो आणि पट्टीखालून ग्रीस बाहेर येतं.

शाफ्टच्या टोकाला नवी सर्क्लिप. ती ग्रीसच्या थेंबाने खाचेत मधोमध चिकटवली, जॉइंट सरळ धरला आणि फायबर हातोड्याने ठोकला. सर्क्लिप आत बसल्याचा आवाज स्पष्ट येतो. मग जॉइंट दोन्ही हातांनी झटका देऊन ओढून पाहिला, हलला नाही. जुनी सर्क्लिप पुन्हा वापरायची नाही. तिचा ताण गेलेला असतो.

बूटाचा लहान ओठ शाफ्टच्या खाचेत बसल्याची खात्री करून आधी ती पट्टी आवळली. मोठ्या ओठाखाली बोथट स्क्रूड्रायव्हर सारून आत कोंडलेली हवा सोडली, बूट नैसर्गिक आकारात आल्यावर मोठी पट्टी. हवा तशीच राहिली तर घड्या आत चेपतात, एकमेकींवर घासतात आणि तिथेच फाटतात. आतल्या बूटासाठी पुस्तकात दिलेल्या लांबीवर जॉइंट धरून मगच पट्टी. पट्टीची शेपटी गाडी पुढे जाताना चाक फिरतं त्याच्या उलट दिशेला दुमडायची. एका किटमधली मोठी पट्टी आखूड निघाली. तिच्या जागी पाण्याच्या पाइपची स्क्रूवाली क्लिप लावायची सूचना आली, ती मानली नाही. तिचं डोकं एका बाजूला जड असतं आणि आजूबाजूच्या भागांना घासतं. योग्य पट्टी तालुक्याच्या गावी मिळाली.

जुनं सील काढून नवं बसवलं, ओठावर गिअर ऑइल लावलं. ॲक्सल दोन्ही हातांनी आडवा तोलून आत घातला, म्हणजे दाते सीलच्या ओठावरून घासत जात नाहीत. कपावर ठोकून सर्क्लिप बसवली, कप ओढून तपासली. हबचे दाते ब्रशने साफ करून ग्रीसचा पातळ हात. शॉकअपचे नट-बोल्ट नवे (१४०), रेघांवर रेघा जुळवून आवळले. हब नट सध्या घट्ट, पण पूर्ण टॉर्क नाही.

३० नोव्हेंबर: उजवी बाजू

क्रम तोच, वेळ निम्म्याहून कमी. पिंच बोल्टाला हातच लावला नाही. बाहेरचा जॉइंट धुऊन पाहिला तर खोबणी स्वच्छ आणि मूळ ग्रीस काळंभोर. तोच परत, नव्या ग्रीससह. बूट वेळेत बदलला तर १,८५० चं काम ३८० मध्ये होतं, त्याचा पुरावा दोन्ही जॉइंट शेजारी ठेवल्यावर टेबलावरच दिसत होता.

गिअर ऑइल भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं, गाडी सपाट उभी असताना. चाकं जमिनीवर टेकवून हब नट १७५ न्यूटन मीटर, चाकाचे नट ८५. मग हब नटाची कड बोथट पंचाने शाफ्टच्या खाचेत ठोकली. धारदार छिन्नीने ती फाटते.

मैदानात दोन्ही बाजूंना पूर्ण कापून इंग्रजी आठाचे फेरे मारले. कटकट नाही.

७ डिसेंबर: फोंडाघाट आणि गळती

घाट चढून-उतरून आल्यावर खाली पाहिलं. बूट कोरडे, पट्ट्या जागेवर. पण डाव्या सीलखाली गिअर ऑइलचा ओला डाग. ॲक्सल पुन्हा काढला. सील एका बाजूला सुमारे एक मिलिमीटर वर राहिलं होतं. कडेकडेने हातोडा मारून बसवलं की असंच होतं. सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा पीव्हीसी पाइपचा तुकडा सरळ कापून घेतला आणि त्यावरून नवं सील (१८०) केसिंगच्या कडेशी सपाट होईपर्यंत समान ठोकलं. या वेळी काढलेलं ऑइल नवंच होतं. स्वच्छ परातीत धरून तलम कापडातून गाळून परत भरलं. हब नट पुन्हा सुटल्यामुळे तिथेही नवा नट घ्यावा लागतो. जुन्याची ठोकलेली कड खाचेवर न येता वेगळ्या जागी येत असेल तरच तो चालतो. इथे तशी आली, म्हणून तोच वापरला.

अलाइनमेंट ६०० रुपये. रेघा जुळवूनही डावा कॅम्बर थोडा सरकला होता.

एकूण खर्च ७,५७०, त्यात पकडींचे १,००० पुढच्या कामालाही उपयोगी. सर्वाधिक वेळ चुकीच्या जॉइंटने आणि गंजलेल्या पिंच बोल्टाने घेतला. तो बोल्ट अजून तिथेच आहे. बॉल जॉइंट बदलायची वेळ येईपर्यंत दर महिन्याला त्याच्या फटीत तेल सोडत राहायचं आहे.